घाटमाथ्यावरची चाकोरी

(नभोवाणीवरील भाषण)

बेळगाव शहराच्या पश्चिम अंगास एका रस्त्याला रामघाट रस्ता असे नाव आहे. त्या रस्त्यावरून नित्य ये-जा करणाऱ्या लोकांपैकी प्रत्यक्ष रामघाट पाहिलेली माणसे फार थोडी निघतील. एकोणिसाव्या शतकात आंबोलीची घाटसडक होण्यापूर्वी बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाणारा एक प्रमुख मार्ग हा रामघाटच होता. वेंगुर्ले हे जुने बंदर. डचांनी सतराव्या शतकात तेथे वखार घातली होती. बंदरावरचे मीठ, नारळ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई आणि देशावरचे धान्य त्याच वाटेने खाली उतरे. पुढे नवी सडक झाली, व्यापार तिकडे वळला आणि रामघाटात रान माजले. घाट लोकांच्या विस्मरणात गेला. नाव तेवढे शहरातील रस्त्यावर उरले.

अशा विसरलेल्या वाटा धुंडाळीत जाण्याची हौस या सीमाभागात पुन्हा वाढीस लागली आहे. मात्र ती पायांनी नव्हे, चाकांनी. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते अशा उंच आणि दणकट गाड्या घेऊन हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जांबोटी, कणकुंबी, चंदगड, आंबोली या घाटमाथ्याच्या मुलखात शिरतात. डांबरी सडक सोडून गाडी रानवाटेला लागली की त्यांच्या सहलीला खरा प्रारंभ होतो. ही हौस निंद्य मानण्याचे कारण नाही. आपला मुलूख आपल्या डोळ्यांनी पाहावा, त्याचे डोंगर आणि ओढे ओळखीचे व्हावेत, असे वाटणे हे जिवंत मनाचेच लक्षण होय. परंतु जी गाडी कोठेही जाऊ शकते तिने कोठेही जावे काय, हा प्रश्न या हौसेच्या पाठोपाठ उभा राहतो. आणि त्याचे उत्तर गाडीत सापडत नाही, ते जमिनीत शोधावे लागते.

या जातीच्या गाडीचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला वाट नसलेल्या प्रदेशातून धावणारी एक हलकी गाडी हवी होती. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांतून ती मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी हाती घेतली. १९५९ साली जबलपूरच्या लष्करी कारखान्यात एका जर्मन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. बेळगावात तर १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे शिक्षणकेंद्र आहे. त्यामुळे अशी वाहने या शहराच्या डोळ्यांना कधीच अपरिचित नव्हती. जे साधन एके काळी सैनिक, वनाधिकारी आणि सर्वेक्षण करणारे अभियंते यांच्याच हाती असे, ते आज सामान्य नागरिकाच्या दारी उभे आहे, एवढाच काय तो फरक.

या गाडीचे सामर्थ्य कशात आहे, हे समजून घेतले म्हणजे तिच्या मर्यादाही कळतात. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना पोहोचते. वळण घेताना बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची योजना केलेली असते. सडकेवर ही योजना उत्तम. परंतु चिखलात तीच घात करते. कारण ज्या चाकास कमी विरोध होतो तेच चाक फिरू लागते. एक चाक निसरड्या जागी सापडले की ते जागच्या जागी गरगरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक मात्र स्वस्थ बसते. पुढच्या चाकांनाही ओढ दिली म्हणजे कोठे तरी पकड सापडण्याचा संभव वाढतो. याखेरीज अशा गाडीत एक जादा गिअर असतो. तो टाकला की वेग जवळजवळ निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. चढणीवर त्याचा जोर मिळतो. उतारावर तर इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

तथापि ही गाडी सर्वशक्तिमान नव्हे. खाचखळग्यांत पुढचे एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचे मागचे एक, अशी दोन चाके अधांतरी झाली की साधे डिफरन्शियल असलेली गाडी चार चाकांची ओढ असूनही अडून बसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चारही चाकांच्या ओढीने चढण्याचे बळ वाढते, थांबण्याचे वाढत नाही. ओल्या उतारावर ही गाडी इतर कोणत्याही गाडीइतकीच घसरते; किंबहुना अधिक वजनदार असल्यामुळे ती अधिक अनर्थ करू शकते. या भागातील नवशिक्या चालकांची फसगत बहुधा चढावर होत नाही. चढून गेल्यावर परत उतरण्याची वेळ येते तेव्हा ती होते.

आता जमिनीकडे वळावे. निपाणीपासून कणकुंबीपर्यंतच्या एका दिवसाच्या प्रवासात मातीचे स्वभाव किती बदलतात हे पाहण्यासारखे आहे. निपाणीचा मुलूख वेदगंगेच्या खोऱ्यातला. तंबाखूच्या बाजारपेठेसाठी त्याचे नाव सर्वत्र झालेले. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लिंपली जाते. टायरच्या खाचा चार फेऱ्यांत भरून जातात आणि चाकाचा गुळगुळीत रूळ होतो. अशा वेळी जोर लावणे म्हणजे गाडी अधिक खोल रुतविणे होय. एक-दोन दिवसांचे ऊन पडेपर्यंत थांबणे हाच तेथला उपाय, आणि गाडीवान शेतकऱ्यास तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पश्चिमेकडे चंदगड आणि खानापूर तालुक्यांत शिरले की मातीचा रंग तांबडा होतो. ही जांभ्याची माती चाकाला तितकी चिकटत नाही. परंतु चढणीवर तिच्यातले बारीक खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. माथ्यावर जांभ्याचे उघडे सडे लागतात. त्यांच्या धारदार कडा टायरच्या बाजू कापतात. म्हणून मऊ जमिनीवर पकड वाढावी यासाठी टायरमधील हवा कमी करण्याची जी युक्ती उपयोगी पडते, तीच येथे महागात पडते. पावसाळ्यात या सड्यांवर शेवाळ धरते आणि माणसाचे पाऊलसुद्धा तेथे जपून टाकावे लागते.

पावसाचे मानही असेच विषम आहे. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे तीनशे इंच पाऊस पडतो. बेळगावास तो पन्नास इंचांच्या आसपास, आणि आणखी पूर्वेस गोकाकच्या बाजूला वीस-पंचवीस इंचांवर येतो. हा सारा फरक दीडशे किलोमीटरांच्या आतला आहे. त्यामुळे बेळगावात कोरडे आभाळ पाहून निघालेल्या प्रवाशास माथ्यावर भरलेले ओढे भेटतात. दुपारी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतताना छातीइतका झालेला असतो, आणि गढूळ पाण्याखाली तळ आहे की खड्डा आहे हे चाकाला दिसत नाही. ज्या पाण्यातून माणूस आधी चालून गेला नाही, त्यात गाडी घालू नये, हा नियम म्हणूनच जाणत्या चालकांत कसोशीने पाळला जातो.

या माथ्यावरच्या पाण्याची गोष्ट आणखी एका दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात महादयी उगम पावते. ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रास मिळते. या दोन खोऱ्यांना वेगळे करणारा दुवा एखादा प्रचंड पर्वत नव्हे. कित्येक ठिकाणी तो नुसता उंचवटा आहे. कळसा नाल्याचे पाणी इकडे वळवावे की तिकडे राहू द्यावे, यावरून राज्याराज्यांत वाद झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी जलविवाद लवादाने त्यावर निवाडा दिला. जेथे पाण्याची दिशा इतक्या थोड्या उंचीवर अवलंबून असते, तेथे जमिनीवर उमटलेला प्रत्येक चर पाण्याला नवी वाट दाखवीत असतो. आणि चाके तर चरच पाडतात.

जुन्या वाटांचे शहाणपण येथेच प्रत्ययास येते. ओझ्याचा बैल डोंगर सरळ चढत नाही. तो उताराला आडवा जातो, वळतो, पुन्हा आडवा जातो. त्याच्या मागून चालणारा लमाण आणि खांद्यावर भारा घेतलेला धनगर यांनीही तीच रीत धरली. त्यामुळे रामघाटासारख्या वाटा नागमोडी झाल्या. त्यांच्यावर पडलेले पावसाचे पाणी वाटेत साठून धावत नाही. प्रत्येक वळणाला ते बाजूच्या रानात उतरते. म्हणूनच शेकडो वर्षे बैलांच्या खुरांनी तुडवूनही त्या वाटा टिकल्या.

चाकांचा न्याय याच्या नेमका उलट आहे. तीव्र उतारावर गाडी आडवी घातली तर तिचा तोल एका बाजूला जातो आणि ती कलंडण्याचा धोका असतो. म्हणून चालकास शिकविले जाते की चढ असो वा उतार, गाडी सरळ धरावी. चालकाच्या जिवाच्या दृष्टीने हा उपदेश अगदी योग्य आहे. पण सरळ वर गेलेल्या चाकांचे दोन चर म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्यासाठी खणलेले दोन पाट होत. पहिल्या पावसात त्यांतून माती वाहते, दुसऱ्या पावसात मुरूम वाहतो आणि काही वर्षांत तेथे ओघळ पडून खालचा कातळ उघडा होतो. गाडीला जे सुरक्षित तेच डोंगराला घातक, असा हा पेच आहे. आणि तो अधिक शक्तीच्या इंजिनाने सुटणारा नाही. उतारावर आडवी जाणारी, गाडीच्या रुंदीची, पूर्वीची वाट नसेल तर तेथे गाडीने जाऊच नये, हेच त्याचे उत्तर आहे.

सपाट सड्यावर तरी काय हरकत आहे, असे कोणास वाटेल. उन्हाळ्यात पाहिले तर तो उजाड, काळपट दगड दिसतो. पण त्याच्या खोलगट भागांत बोटभर माती असते आणि पावसाच्या चार महिन्यांत तेवढ्या मातीवर फुलांचे गालिचे पसरतात. आंबोलीच्या परिसरात एक लहानसा भेक आहे. त्याला शास्त्रीय नाव २००९ साली मिळाले आणि त्या परिसराबाहेर तो फारसा आढळत नाही. पहिल्या पावसात जांभ्यावर साचणाऱ्या तळहाताएवढ्या डबक्यांतून तो अंडी घालतो. उत्साहाने सड्यावर गाडी फिरविणाऱ्यास आपण एका जातीचा पाळणाच चिरडला, याची जाणीवही नसते. खानापूरच्या रानातील बारापेडे गुहांत राहणारे एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांना ज्ञात झाले आणि पुढे दीर्घ काळ जगात त्याचे तेवढेच ठिकाण माहीत होते. त्या रानाला २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून संरक्षण लाभले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा रानात परवानगीवाचून शिरणे हा अपराध आहे. तिलारी खोऱ्यातील रानालाही २०२० साली राखीव संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळाला. २००२ पासून त्या बाजूला आणि चंदगड भागात हत्तींचा वावर सुरू झाला आहे, हेही रात्रीच्या वेळी रानवाटा धुंडाळणाऱ्याने विसरू नये.

फुले, भेक आणि वटवाघळे यांची गोष्ट ज्याला दूरची वाटेल, त्याने या वाटांच्या टोकाला असलेल्या गावांचा विचार करावा. भीमगडच्या रानात गवाळी, आमगाव, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर अशी गावे आहेत. पावसाळ्यात त्यांची वाट म्हणजे चिखल आणि ओढे यांची मालिका असते. रुग्ण मोटारीच्या रस्त्यापर्यंत आणायचा तर गावकऱ्यांना त्याला झोळीत किंवा खांद्यावर घेऊन मैलोगणती चालावे लागते. यांपैकी काही लोकांनी रान सोडून बाहेर येण्याचे मान्य केले. तळेवाडीच्या कुटुंबांना त्यासाठी २०२५ साली भरपाईचे पैसे मिळू लागले. पण जी गावे रानात आहेत त्यांच्या दृष्टीने चारही चाकांची ओढ असलेली जीप हे सहलीचे साधन नव्हे. तिच्यातून रेशनचे धान्य येते, तिच्यातून बाळंतीण दवाखान्यात जाते.

अशा गावाची कच्ची वाट उन्हाळ्यात गावकरी स्वतः श्रम करून नीट करतात. खड्ड्यांत दगड भरतात, पाणी बाजूला काढून देतात. जून-जुलैच्या पावसात एखाद्या सुट्टीच्या दिवशी दहा-बारा गाड्या त्या ओल्या वाटेवरून ओळीने चिखल उडवीत गेल्या, की गुडघाभर खोल चर पडतात. मंडळी संध्याकाळी घरी परततात आणि सोमवारी गाडी धुऊन टाकतात. वाट मात्र धुवून निघत नाही. मंगळवारी त्या वाटेने दूध घेऊन निघालेल्या गवळ्याची मोटारसायकल अडते, बैलगाडीचा कणा मोडतो, आणि एखाद्या रात्री निकडीने बोलाविलेली जीप अर्ध्या वाटेत रुतून बसते. ज्या वाटेवर एकाची करमणूक आणि दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्या वाटेवर पहिला हक्क कोणाचा, हे सांगण्यास कायद्याची गरज पडू नये.

पारगडची हकीकत या संदर्भात आठवण्यासारखी आहे. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चंदगडच्या टोकाला हा किल्ला उभारला आणि तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना तेथे नेमले. त्या वेळच्या शिबंदीचे वंशज आजही गडावर राहतात. अनेक पिढ्यांनी मिठापासून औषधापर्यंत सारे पायी वाहून नेले. आता गडापर्यंत मोटार जाते. घाटमाथ्यावर सडक हवी की नको हा वाद तेथल्या माणसांसमोर उभा करणे म्हणजे त्यांच्या कष्टांची थट्टा आहे. सडक हवीच. प्रश्न सडकेचा नाही. सडक सोडून जेथे मनाला येईल तेथे चाक घालण्याचा आहे.

मग ज्याच्यापाशी अशी गाडी आहे आणि ज्याला घाटमाथ्याची खरोखर ओढ आहे, त्याने काय करावे? दिवाळीनंतर जमीन वाळू लागते. त्या वेळेपासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ त्याने निवडावा. रानात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि गावातून जाताना गावकऱ्यांना विचारावे. कोणती वाट चालू आहे, कोणता ओढा फसवा आहे, कोठे पीक उभे आहे, हे नकाशापेक्षा तेथला म्हातारा अधिक चांगले सांगतो. दोन गाड्या बरोबर असाव्यात, म्हणजे एक अडल्यास दुसरी तिला ओढील. दोर आणि फावडे गाडीत असावे. कठीण जागी चालकाने आधी उतरून पायी जाऊन यावे. आणि जेथे परत फिरणे शहाणपणाचे, तेथे परत फिरावे. गाडी वळविण्यास जागा असेपर्यंतच माघार सोपी असते.

मराठी भाषेत चाकोरी हा शब्द थोडासा बदनाम झालेला आहे. चाकोरीबद्ध जीवन म्हणजे कंटाळवाणे जीवन, आणि चाकोरीबाहेर पडणे म्हणजे पराक्रम, असा अर्थ त्याला चिकटला आहे. पण चाकोरी म्हणजे मुळात चाकांनी पडलेली वाट. अनेक गाडीवानांनी अनेक वर्षे जमिनीची परीक्षा घेऊन जेथे चाक टिकते तेथेच चाक घातले, तेव्हा ती तयार झाली. शहरात तिच्याबाहेर पडण्यात कदाचित मोठेपणा असेल. घाटमाथ्यावर मात्र चाकाने चाकोरीत राहणे हाच विवेक आहे. पुढे जायचे असेल तर पाय आहेतच.

रामघाट ज्याला पाहावयाचा असेल त्याने म्हणूनच आपली गाडी माथ्यावरच्या गावात एखाद्या झाडाखाली ठेवावी, कोणा वाटाड्यास बरोबर घ्यावे आणि त्याच्यामागून पायी उतरावे. उताराला आडवी जाणारी, वळणावळणाने खाली झुकणारी ती जुनी वाट पायांखाली येईल. बैलांच्या खुरांनी झिजलेले दगड कदाचित दिसतील. एका घटकेत मोटारीने जितके अंतर मागे पडते, तितके येथे चालावयास अर्धा दिवस लागेल. पण संध्याकाळी तो प्रवासी बेळगावास परतेल आणि शहरातील त्या रस्त्यावर त्याची गाडी येईल, तेव्हा रामघाट हे नाव त्याच्या दृष्टीने केवळ पाटीवरची अक्षरे राहणार नाहीत.